दोन मिनिटांत अपात्र : कारण कोणाला विचारू?

मा. मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

मी देवगड तालुक्यातून लिहितेय. गेल्या गुरुवारी रात्री 11 वाजून 45 मिनिटांनी मी एक ऑनलाइन अर्ज पाठवला आणि 11 वाजून 47 मिनिटांनी मोबाईलवर उत्तर आलं, 'आपला अर्ज अपात्र ठरला आहे.' पद कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) आणि डिजिटल धोरण सहायकाचं, कंत्राटी, 11 महिन्यांचं. ही पदं जिल्ह्यातच निघतील, कोकणातल्या मुलांना त्यासाठी मुंबई गाठावी लागणार नाही, असं आपण आमच्या कॉलेजात येऊन सांगितलं होतंत. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. जाहिरात आली तेव्हा सगळ्या जागा मुंबईच्या होत्या. तरीही मी अर्ज केला.

दोन दिवस हेल्पलाइनला फोन लावले. "सिस्टीमने रिजेक्ट केलंय, आमच्या हातात काही नाही," एवढंच ऐकलं. माझी पदवी माहेरच्या नावाने आहे, आधार सासरच्या. राजपत्राची प्रत मी जोडली होती. यंत्राला ती दिसली की नाही, हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

या क्षेत्रात मी हौसेने आलेले नाही. बाबांची आंब्याची साडेतीनशे कलमं आहेत. एका मार्चच्या उन्हात सुपारीएवढी फळं खच पडल्यासारखी गळाली. फळपीक विमा मिळणार की नाही, हे महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र ठरवतं. केंद्र आमच्यापासून 11 किलोमीटरवर, खाडीच्या वाऱ्यात, बाग कातळावर. केंद्रात तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं नाही, म्हणून एक रुपया आला नाही. बाबा सात वेळा तालुक्याला गेले. सातव्यांदा परत आले ते न बोलता ओटीवर बसून राहिले. आंब्याच्या कलमांपायी मी कायद्याची कलमं शिकले, ती तेव्हापासून. आधी एलएलबी, मग सार्वजनिक धोरणात पदव्युत्तर, मागे साडेचार लाखांचं शैक्षणिक कर्ज.

हे काम कोड लिहिण्याचं नाही, साहेब. सरकार एखादी यंत्रणा विकत घेतं तेव्हा ती कुठल्या माहितीवर शिकली, त्यात कोण सुटलं, चुकली तर जबाबदार कोण, हे निविदेच्या कागदातच विचारायचं काम आहे. हे विचारणारी माणसं जिल्ह्यात नकोत का? बाबांच्या वेळी असं एक माणूस तालुक्याला असतं तर?

पैसा नाही म्हणू नका. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये 10,372 कोटींचं इंडिया एआय मिशन मंजूर केलं. आपल्या राज्याने जून 2025 मध्ये शेतीतल्या एआयसाठी 500 कोटींचं धोरण आणलं. यंत्रांना एवढा पैसा आहे; त्यांना जाब विचारणाऱ्या माणसांसाठी किती ठेवला, ते सांगा.

युरोपचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 ला अमलात आला. नोकरीच्या उमेदवारांची चाळणी करणारी यंत्रणा त्यात अतिजोखमीची धरली आहे. आपल्याकडे एआयसाठी नोव्हेंबर 2025 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण पाळलीच पाहिजेत असं बंधन कोणावर नाही. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडलं आणि नागरिकाच्या हक्कांची कलमं लागू व्हायला त्यापुढे आणखी 18 महिने. त्या कायद्यातही, यंत्राने नाकारलं तर कारण मागण्याचा स्पष्ट हक्क मला सापडत नाही. चार वेळा वाचलाय मी तो.

आणि एआय येण्याआधी तरी आमचं कोण ऐकत होतं? सामाईक सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली बारा मुंबईत, दोन वारलेली. नुकसानभरपाईसाठी सगळ्यांची संमती आणा म्हणायचं. तेव्हा निदान टेबलापलीकडे कारकून होता. त्याच्याशी भांडता यायचं, दुसऱ्या दिवशी परत जाता यायचं. आता टेबलही गेलं.

मला नोकरी द्या, असं मी म्हणत नाही. माझा अर्ज का नाकारला, ते एका माणसाने सहीनिशी कळवावं. सरकारी यंत्रणेच्या प्रत्येक नकारासोबत अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर यावा. आणि कॉलेजात शब्द दिला होतात त्या जागा रत्नागिरी-सिंधुदुर्गात काढा. कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. तोवर उत्तराची वाट बघते. बाबाही बघताहेत.

आपली,
देवगड तालुक्यातली एक बागायतदाराची मुलगी