पाचव्या पानाचा अर्थ ‘वडीलधाऱ्यांचे ऐका’ एवढाच नाही

महोदय,

टॅरोमधले, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रांच्या पत्त्यांमधले, पाचवे पान, हायरोफंट म्हणजे धर्मगुरू, निघाले की ‘चालीरीत मोडू नका, वडीलधाऱ्यांचे ऐका’ असे सांगून मोकळे व्हायची सवय आपल्याकडे पडली आहे. लग्नाचा प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला हे ऐकवले, की घरातला वाद पत्त्यांच्या नावावर मिटवला जातो. हा त्या मुलीवर अन्याय आहे, आणि पानावरही.

आज सर्वत्र वापरला जाणारा संच १९०९ मध्ये लंडनला निघाला. चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. चित्र नीट पाहा. दोन करड्या खांबांमध्ये तिहेरी मुकुट घातलेला गुरू बसला आहे. उजव्या हाताची दोन बोटे वर, दोन मिटलेली. काही शिकवण उघड, काही झाकलेली. पुढे पाठमोरे दोन शिष्य, एकाच्या झग्यावर गुलाब, दुसऱ्याच्या झग्यावर लिली. दोन किल्ल्या मात्र गुरूच्या हातात नाहीत, त्या त्याच्या पायाशी, शिष्यांच्या समोर आहेत. आमच्या मते पानाचे सगळे मर्म इथे आहे. परंपरा दार दाखवते. किल्ली उचलायची ती विचारणाऱ्याने.

या संचाचे जनक आर्थर एडवर्ड वेट यांनी सुलट पानाला विवाह आणि युती यांच्याबरोबरच बंदिवास, दास्य, दया, चांगुलपणा असे अर्थ दिले आहेत. उलट्या, म्हणजे चित्राचे डोके खाली आलेल्या, पानाला त्यांनी सलोखा, चांगली समजूत आणि अतिदयाळूपणा, दुबळेपणा हे अर्थ दिले. तेव्हा ‘उलटे आले म्हणजे वाईट’ हेही टिकत नाही.

वाचनात चूक होते ती बहुधा सुरुवातीलाच. ‘करू की नको?’ असा प्रश्न या पानाला विचारू नये. ‘या रीतीतून मला काय मिळते आणि त्यासाठी काय सोडावे लागते?’ असे विचारावे. फक्त हायरोफंटसारखी २२ मोठी पाने न घेता सगळी ७८ पिसावीत, नाहीतर रोजच्या व्यवहाराची ५६ पाने बाहेरच राहतात. उलटी पाने धरायची की नाही हे पिसण्याआधीच ठरवावे. पान बघून ठरवले तर ते वाचन राहत नाही, सोय होते. मग तीन पाने मांडून शेजार पाहावा. शेजारी चौथे, सम्राट, असेल तर सत्ता घरातल्या किंवा कचेरीतल्या माणसाची आहे, धर्माची नाही. सहावे, प्रेमी, आले तर निवड विचारणाऱ्याचीच. पंधरावे, सैतान, आले तर दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा: तीच मांडणी, तसाच वर केलेला उजवा हात, पुढे दोघेजण, पण इथे गळ्यात साखळ्या. रीत कुठे बेडी झाली ते तिथे दिसते.

परंपरा म्हणजे मान खाली घालणे, असे सोलापुरात तरी कुणी म्हणू नये. इथल्या सिद्धेश्वर यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या कुंभारकन्येशी होणाऱ्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यावर, संमतीचे वाचन झाल्यावर. आपल्याच गावची रीत आधी संमती विचारते.

भविष्याच्या सदरांत हे पान छापताना निदान विचारलेला प्रश्न आणि शेजारची दोन पाने सोबत द्यावीत, ही विनंती.

— टॅरोचे काही अभ्यासक, सोलापूर