मुखत्यार आणि मालक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील ख्रिस्ती सणांवरच्या लेखात ‘फादरला सांगितले की पाप माफ, पुन्हा करायला मोकळे’ असे जाता जाता म्हटले आहे. पापांगीकारावरचा, म्हणजे फादरपुढे पापे कबूल करण्याच्या प्रथेवरचा, हा टोमणा आम्हा वसईकर कॅथलिकांच्या अंगवळणी पडला आहे. छापील मजकुरात मात्र तो वस्तुस्थिती म्हणून आला, म्हणून हे पत्र.

पाप माफ करणारा माणूस कोण, हा आक्षेप मुळात बाहेरून आलेलाच नाही. बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात तो आहे. कफर्णहूममधले घर खचाखच भरलेले, दारातही उभे राहायला जागा नाही. चौघे जण छप्पर उसकटून लकवा झालेल्या माणसाला बाजेसकट खाली सोडतात. त्याला चालता करील म्हणून आणलेले, तर येशू म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेल्या शास्त्र्यांच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, मनात येते, ही ईश्वरनिंदा झाली. देवावाचून पापक्षमा कोण करणार? येशू हे तत्त्व खोडत नाही. क्षमा झाली म्हणणे सोपे, की ऊठ, बाज उचल आणि चाल म्हणणे सोपे, एवढेच तो विचारतो. आणि तो माणूस बाज उचलून सर्वांदेखत निघून जातो. माणसालाही पापे माफ करता येतात, असा हा दावा नाही. देवाचा तो अधिकार मला आहे, असा आहे. म्हणून तर शास्त्री हादरले.

योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांना पापक्षमेचे काम सोपवतो. त्या आधारावर फादर पाप्याला ‘मी तुला पापमुक्त करतो’ म्हणतात, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. मुखत्याराने सही केली म्हणून जमीन त्याच्या मालकीची होत नाही, तसेच हे. फादरना स्वतःची पापे स्वतः माफ करता येत नाहीत. त्यांनाही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकावे लागतात. मार्च 2014 मध्ये पोप फ्रान्सिस व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये सर्वांसमोर तसे टेकलेले जगाने पाहिले.

शिवाय खरा पश्चात्ताप नसेल तर क्षमा लागू होत नाही. शेजाऱ्याचा बांध कोरून शेत वाढवले असेल, तर आधी बांध जागेवर न्यायची तयारी हवी. प्रार्थनेच्या दोन ओळी पुटपुटून तेवढ्यावर सुटका नाही. कोर्टाची शिक्षाही टळत नाही.

या अधिकाराचा बाजार मांडला गेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनीत योहान टेट्झेल नावाचा धर्मगुरू दंडमुक्तीची पत्रे विकत हिंडत होता. त्या पैशातला एक वाटा रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला जायचा आणि दुसरा माइन्झच्या आर्चबिशपचे कर्ज फेडायला. (धर्मशास्त्राप्रमाणे ती पत्रे पापाच्या क्षमेची नव्हतीच, क्षमेनंतर उरलेल्या शिक्षेत सूट देणारी होती. विकणाऱ्याला तेवढा फरक सांगायची गरज वाटली नसावी.) 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला, याविरुद्ध 95 मुद्दे मांडले, त्यातला सहावा असा, की देवाने केलेली क्षमा जाहीर करण्यापलीकडे पोपच्या हाती काही नाही. आपल्याकडच्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत म्हणूनच सगळे जण उपासनेत एकत्र पापांगीकार करतात आणि पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, देवाच्या क्षमेचे वचन ऐकवतात.

फादर आणि पाळक यांचे या बाबतीत पाचशे वर्षे जमलेले नाही. पण क्षमेची मालकी देवाकडे, यावर दोघांचे दुमत नाही. लेखकाने त्या वादावर लिहिले असते तर आवडीने वाचले असते.

आपला,
एक वाचक, वसई