गरवणाऱ्यांना घंटागाडी द्या!

सुट्टीच्या दिवशी खडपावर (किनाऱ्याच्या खडकावर) गरी म्हणजे गळ टाकून मासे गरवत बसणारी मंडळी रिकामटेकडी, असा आपल्याकडे सर्रास समज. आमच्या किनाऱ्यावरचा हौशी गरवणाऱ्यांचा क्लब मात्र मासेमारी आटोपली की गोणपाट घेऊन खडपं धुंडाळतो. कपारीत गुंतलेला तंगूस (गरीचा नायलॉनचा दोरा) कात्रीने कापून काढायचा, गंजलेल्या गऱ्या बाटलीत भरायच्या. वीतभर तांबोशी मासळी लागली तर ती परत पाण्यात (खवय्यांचा जीव तुटतो, पण असो!). नोव्हेंबर ते मार्च कासवे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. तुटकी जाळी त्याआधीच उचललेली बरी. पण गोळा केलेला कचरा आठ-आठ दिवस धक्क्यावरच पडून राहतो. ग्रामपंचायतीने निदान रविवारी संध्याकाळी तरी घंटागाडी तिथवर पाठवावी.

– एक वाचक, रत्नागिरी