फायनल पास्तर्नाकच्या घरच्या रिंकवर, आणि पास्तर्नाकच बाहेर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आइस हॉकीवर अर्धं पान बघून मला आधी आनंदच झाला, कारण आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि ॲस्ट्रोटर्फ, बर्फावरची हॉकी म्हणजे कुठल्यातरी इंग्रजी पिक्चरमध्ये दात पडलेले लोक एकमेकांना बुकलतात तेवढंच माहीत. पण त्याच लेखात फेब्रुवारीत झालेल्या 4 नेशन्स फेस-ऑफबद्दल "जगातले सर्वोत्तम चार देश" असं जे सरळ ठोकून दिलंय ते वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. कुणी ठरवलं हो हे चार सर्वोत्तम आहेत म्हणून?

कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड. 12 ते 20 फेब्रुवारी 2025, चार सामने मॉन्ट्रियलला, तीन बोस्टनला. स्पर्धा एकदम भारी झाली यात वादच नाही. कॅनडा-अमेरिका पहिल्या सामन्यात पहिल्या 9 सेकंदांत तीन मारामाऱ्या, प्रेक्षकांनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवलेली (तेव्हा ट्रम्पचे टॅरिफ आणि कॅनडा म्हणजे अमेरिकेचं "51 वं राज्य" हे सगळं ताजं होतं), आणि मग फायनलला कॅनडाच्या मॅकडेव्हिडनं जादा वेळेत गोल मारून 3-2 नं काम तमाम केलं. मी पहाटे उठून पाहिली, बायको म्हणाली वर्ल्ड कप आहे का, म्हटलं नाही गं, आणि अडचण तीच आहे. हा वर्ल्ड कप नव्हता, ही एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगनं आपल्या ऑल-स्टार सामन्याच्या जागी भरवलेली स्पर्धा होती आणि तिथं यायची अट एकच, की टीममधला एकूण एक खेळाडू एनएचएलमध्ये खेळणारा पाहिजे. एका टीमचे 23, गोलकीपरसकट. ज्या देशाकडे एवढे नाहीत तो घरी बसला. लीगच्या सोयीनं पाहिलं तर ठीकच आहे, सीझनच्या मधोमध आठ-नऊ दिवसांत उरकायचं तर खेळाडू जिथं आहेत तिथूनच घेणार ना. पण मग नाव "नेशन्स" कशाला देता, आणि आपण ते वाचून "सर्वोत्तम चार" कशाला छापतो?

आता गंमत बघा. त्याच्या आदल्या वर्षी, मे 2024 मध्ये प्रागला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, प्राग आणि ओस्त्रावा मिळून जवळपास 8 लाख लोकांनी तिकीट काढून सामने बघितले. सुवर्ण चेकियाला (म्हणजे चेक प्रजासत्ताक), रौप्य स्वित्झर्लंडला, ब्राँझ स्वीडनला. कॅनडा चौथा. अमेरिका आणि फिनलंड क्वार्टर फायनललाच गारद. म्हणजे "सर्वोत्तम चार" पैकी पदक एकाच्याच गळ्यात, तेही तिसऱ्या नंबरचं. आणि पहिल्या दोघांना फेब्रुवारीत आमंत्रणच नाही!

यात सगळ्यात जास्त मला लागलं ते दाविद पास्तर्नाकचं. हा चेक खेळाडू बोस्टन ब्रुइन्सकडून खेळतो. त्याची टीम 2024 ला प्लेऑफमधून बाहेर पडली तसा हा विमानात बसून प्रागला पोचला आणि फायनलला 0-0 असताना शेवटच्या भागात पहिला गोल यानंच मारला, सामना 2-0. त्यानंतर नऊ महिन्यांनी 4 नेशन्सची फायनल कुठं झाली, तर बोस्टनच्या टीडी गार्डनला, म्हणजे ज्या बर्फावर तो वर्षभर खेळतो तिथंच. आणि तो बाहेर. का, तर त्याच्या देशातले बाकीचे वीस-बावीस जण योग्य लीगमध्ये नोकरीला नाहीत. जर्मनीच्या लिओन ड्रायसाइटलचंही तसंच, त्या सीझनला एनएचएलमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचे, 52, पण जर्मनी यादीतच नाही.

मी एवढा तावातावानं का लिहितोय ते सांगतो. मी इथं शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी केली, आणि 2010 साली कंपनीनं दीड वर्षासाठी चेकियातल्या म्लादा बोलेस्लावला पाठवलं होतं. तिथं माझी घरमालकीण होती, सत्तरीची, तिला सगळे "पानी" म्हणायचे, चेकमध्ये बाईंना पानी म्हणतात, मला पहिला आठवडाभर वाटायचं ही सारखं पाणी का मागतेय. मे महिना आला तसं गावाला काहीतरी झालं. कॅन्टीनमध्ये टीव्ही बसला, फोरमन लोक जर्सी घालून कामावर यायला लागले. वर्ल्ड चॅम्पियनशिपची सेमीफायनल स्वीडनशी, चेक एका गोलनं मागे, घड्याळात मोजून सात-आठ सेकंद राहिलेले, गोलकीपर काढून जादा माणूस आत घातलेला, आणि राखुनेकनं गोल मारला. त्या क्षणी ज्या बारमध्ये मी कोपऱ्यात लिंबू सोडा घेऊन बसलो होतो तिथले पन्नास-साठ लोक खांद्याला खांदा लावून उड्या मारायला लागले, "क्दो नेस्काचे, नेनी चेख, हॉप हॉप हॉप", म्हणजे जो उड्या मारत नाही तो चेक नाही. एका दाढीवाल्यानं माझ्या काखेत हात घालून मलाच उचललं. मग मीही मारल्या उड्या, काय करता. पुढे शूटआउटला जिंकले आणि फायनलला रशियाला 2-1. (तो राखुनेक बिचारा पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यारोस्लावलच्या विमान अपघातात गेला, अख्खी टीम होती त्या विमानात. ती बातमी आली तेव्हा मी इथं परत आलो होतो, फोरमनचा मेसेज आला, नुसतं नाव आणि पुढे काहीच नाही.)

फायनलच्या रात्री मी घरी आलो तर पानी स्वयंपाकघरात एकटीच बसलेली, टीव्ही चालू, डोळे पुसत होती. मी म्हटलं जिंकलात की, तर म्हणाली मला 69 आठवतंय. ऑगस्ट 68 ला रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसले, त्यामुळे 69 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप प्रागहून स्टॉकहोमला हलवली, आणि तिथं यांनी, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियानं, सोव्हिएत युनियनला एकदा 2-0 आणि आठवड्यानं परत 4-3 असं दोनदा हरवलं. काही खेळाडूंनी तर जर्सीवरचा लाल तारा चिकटपट्टीनं झाकला होता. दुसऱ्या विजयाच्या रात्री लोक रस्त्यावर उतरले, प्रागच्या मोठ्या चौकातलं एरोफ्लोटचं ऑफिस फोडलं. सुवर्ण शेवटी सोव्हिएत युनियनलाच मिळालं, पण ते कुणाच्या लक्षात नाही म्हणाली. यागर, त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळाडू, त्यानं आयुष्यभर 68 नंबरची जर्सी घातली ती रणगाडे घुसले त्याच वर्षाची आठवण. आता असा देश, ज्यानं 98 ला नागानोमध्ये, एनएचएलचे खेळाडू पहिल्यांदाच ऑलिम्पिकला आले त्याच वेळी, गोलकीपर हाशेकच्या जोरावर कॅनडाला सेमीफायनलच्या शूटआउटमध्ये हरवून सुवर्ण नेलं, त्याला तुम्ही सांगता की चार खुर्च्या आहेत, तुमची नाही.

विरोधी बाजू मला मान्य आहे, तीही सांगतो. वर्ल्ड चॅम्पियनशिप मे महिन्यात असते, तेव्हा एनएचएलचे प्लेऑफ चालू असतात त्यामुळे कॅनडा-अमेरिकेची पहिली फळी तिथं नसतेच, हे खरंय. सगळे फिट असताना समोरासमोर घातले तर कॅनडा चेकियाला दहापैकी सात-आठदा हरवेल असं मलाही वाटतं. पण मग उरलेल्या दोन-तीन वेळांचं काय? त्यासाठीच तर स्पर्धा घेतात ना राव. 2025 च्या मे महिन्यात डेन्मार्कमधल्या हर्निंगला काय झालं बघा, वर्ल्ड चॅम्पियनशिपची क्वार्टर फायनल, कॅनडाकडे क्रॉसबी आणि मॅककिननसारखे लोक, शेवटच्या तीन मिनिटांपर्यंत कॅनडा 1-0 नं पुढे. आधी एलर्सनं बरोबरी केली आणि मिनिटभरही उरलं नसताना ओलेसननं दुसरा मारला, डेन्मार्क 2, कॅनडा 1. 60 लाख वस्तीचा देश. आणि स्वित्झर्लंड सलग दुसऱ्या वर्षी फायनलला, जादा वेळेत अमेरिकेकडून 1-0 नं हरला, 2013 पासून चौथं रौप्य, सुवर्ण तोवर एकही नाही, त्यांचं दुःख वेगळंच.

आणि कागदावरच्या ताकदीवर खुर्च्या वाटायच्या म्हटलं तर 2016 चा वर्ल्ड कप ऑफ हॉकी आठवा. टोरोंटोला झाला, आठ टीम, त्यातल्या दोन तर देशच नव्हते. एक उत्तर अमेरिकेच्या पोरांची आणि एक "टीम युरोप", म्हणजे स्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड, जर्मनी, डेन्मार्क, नॉर्वे, ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि स्लोव्हेनिया या आठ देशांतली उरलीसुरली भाजी एका कढईत. सगळे हसले होते. ती मिसळ थेट फायनलला पोचली, आणि अमेरिका? तीनपैकी तीन हरली. फिनलंड? तीनपैकी तीन. त्या हिशोबानं फेब्रुवारीतल्या चारपैकी दोघांना दारातच अडवायला हवं होतं, पण तसं कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. त्याच स्पर्धेत चेक टीममध्ये रशियाच्या लीगमधले खेळाडू होते आणि त्यांनी अमेरिकेला 4-3 हरवलंही. म्हणजे सगळेच एनएचएलचे पाहिजेत ही काही पूर्वापार चालत आलेली अट नाही.

मला स्वतःला वर्ल्ड चॅम्पियनशिपची पद्धत आवडते. वरच्या गटात 16 देश, दरवर्षी तळाचे दोन खाली, खालच्या गटातले दोन वर. ब्रिटन 2017 ला तिसऱ्या पायरीवर होतं, 2019 ला सगळ्यात वरच्या गटात खेळलं आणि फ्रान्सविरुद्ध 0-3 मागे असताना 4-3 जिंकून तिथंच टिकलं. लाटव्हिया घ्या, लोकसंख्या 19 लाखाच्या आसपास, म्हणजे आमच्या संभाजीनगरसारखं एखादं शहर धरा. 2023 ला त्यांनी अमेरिकेला हरवून ब्राँझ घेतलं तर त्यांच्या संसदेनं मध्यरात्री बैठक भरवून दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर केली. मध्यरात्री! आमंत्रणावर चालणाऱ्या स्पर्धेत लाटव्हिया शंभर वर्षांत दिसणार नाही.

रशियाचा मुद्दा लेखात आलाय तो मात्र यात मिसळू नका. ते आणि बेलारूस फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे बाहेर गेले, खेळ कमी पडतो म्हणून नाही. रशियाच्या ओवेचकिननं एप्रिल 2025 मध्ये ग्रेट्झकीचा एनएचएलमधल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडून 895 वा गोल मारला तो काय उगाच. त्यांना कधी परत घ्यायचं हा राजकारणाचा प्रश्न आहे, पानीला विचाराल तर ती एका शब्दात उत्तर देईल आणि तो शब्द आपल्या पेपरात छापता येणार नाही.

आपण तरी कुठं वेगळे आहोत म्हणा. 2007 च्या क्रिकेट वर्ल्ड कपला 16 संघ होते, आपण बांगलादेशकडून आणि पाकिस्तान आयर्लंडकडून हरून दोघंही पहिल्या फेरीत घरी आलो, आणि 2019 येईपर्यंत संघ झाले 10. तेव्हा आपल्याकडं कोण बोंबललं? कुणी नाही, उलट "लिंबू-टिंबू कशाला" असंच कट्ट्यावर चालायचं, मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू. 2025 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत अफगाणिस्ताननं इंग्लंडला बाहेर काढलं तेव्हा मात्र तेच कट्टेकरी नाचत होते.

आणि आपला स्वतःचाही यात जीव अडकलाय हे लेखात आलंच नाही. भारत 1989 पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे, आणि जून 2025 मध्ये आपल्या मुलींनी यूएईतल्या अल ऐनला महिला आशिया कपमध्ये ब्राँझ पटकावलं. बहुतेक पोरी लडाखच्या, नैसर्गिक बर्फ थंडीत जेमतेम दोन महिने धरतो तेवढीच प्रॅक्टिस. ती बातमी आपल्याच पेपरात बहुधा चार ओळींची होती, टेबल टेनिसच्या खाली.

2028 च्या फेब्रुवारीत पुन्हा वर्ल्ड कप ऑफ हॉकी घ्यायचं एनएचएलनं जाहीर केलंय. माझं म्हणणं एवढंच की तिथं आठ जागा असतील तर सहा मागच्या तीन-चार वर्षांच्या निकालांवर द्या, दोन पात्रता सामने खेळवून द्या, आणि ज्याला जिथून खेळाडू आणायचे तिथून आणू द्या. स्विस लीगमधला गोलकीपर काय अडवायला कमी पडतो का, दोन फायनल काढल्यात त्यांनी.

आपला,
एक जुना वाचक, छत्रपती संभाजीनगर

ता.क. लेखात तीन ठिकाणी "जॅगर" छापलंय. तो यागर, यारोमीर यागर. वयाच्या 53 व्या वर्षात क्लाद्नोच्या टीमकडून खेळत होता, टीमही तेव्हा त्याचीच होती. पानीच्या मुलाला मी ते कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्याला मराठी एक अक्षर येत नाही, पण फोटो यागरचाच आहे म्हणून खूश झाला आणि विचारलं याच्या खाली काय लिहिलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.