जास्त रिस्क म्हणजे जास्त रिटर्न, हे सरसकट छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात शेअर गुंतवणुकीवर जे लेख येतात ते मी आवर्जून वाचतो, पण त्यात एक वाक्य सारखं येतं, "जास्त रिस्क घ्याल तर जास्त रिटर्न मिळेल", आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय आता राहवत नाही, कारण नवीन माणूस हे शब्दशः धरतो आणि सगळ्यात जास्त वरखाली होणारा शेअर शोधून त्यात बचत ओततो.

ठेव, बाँड आणि शेअर अशी तुलना असेल तर ठीक आहे, लांबच्या काळात बहुतेक बाजारांत शेअर्सनी जास्त दिलंय. पण एका शेअरची दुसऱ्या शेअरशी तुलना सुरू झाली की हे गणित कोलमडतं.

मुळात ज्या थिअरीवरून हे आलंय ती अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९६४ साली मांडली. तिच्यात रिस्क म्हणजे बीटा, म्हणजे बाजार एक टक्का हलला तर हा शेअर साधारण किती हलतो ते. बीटा जास्त तर अपेक्षित रिटर्न जास्त, आणि यातला 'अपेक्षित' हा शब्द लेखांमधून हमखास गळतो. शिवाय त्याच थिअरीप्रमाणे, जी रिस्क वेगवेगळे शेअर्स घेऊन घालवता येते तिचा मोबदला बाजार देत नाही. सगळे पैसे एकाच कंपनीत लावलेत, उद्या तिचं प्रॉडक्ट पडलं किंवा मॅनेजमेंटने घोळ केला तर ती रिस्क पूर्ण तुमची, आणि ती घेतली म्हणून जादा रिटर्न मिळेल असं कुठेच म्हटलेलं नाही. हे नवीन लोकांना कुणी सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

बरं, बीटाचं तरी प्रत्यक्षात काय झालं? १९७२ साली ब्लॅक, जेन्सन आणि शोल्स या अभ्यासकांनी अमेरिकन बाजाराचा डेटा तपासला तर कमी बीटाच्या शेअर्सनी थिअरीपेक्षा जास्त दिलं होतं आणि जास्त बीटाच्यांनी कमी. १९९२ मध्ये फामा आणि फ्रेंच या अभ्यासकांनी १९६३ ते १९९० चा काळ घेतला, त्यात कंपनीचा आकार वेगळा काढल्यावर बीटा आणि सरासरी रिटर्न यांचा संबंध जवळपास उरलाच नाही. कारणं बरीच सांगतात, मला पटणारं हे की बऱ्याच फंडांना कर्ज काढून गुंतवणूक करता येत नाही, मग जास्त कमावायचं तर ते जास्त बीटाचे शेअर्स घेतात, त्यात लॉटरी लागेल या आशेने येणारे वेगळेच, आणि या सगळ्या गर्दीने भाव आधीच चढलेला असतो, मग पुढे रिटर्न कुठून येणार.

आता साधा हिशोब बघा. एक शेअर पहिल्या वर्षी ५० टक्के वाढला, दुसऱ्या वर्षी ४० टक्के पडला. सरासरी ५ टक्के नफा दिसतो, पण १०० चे १५० झाले आणि १५० चे ९०, म्हणजे हातात तोटा! दुसरा शेअर दोन्ही वर्षं फक्त ५ टक्के वाढला, त्याचे ११०.२५ झाले. सरासरी दोघांची सारखीच. वरखाली होणं हे असं चक्रवाढीला आतून खातं आणि सरासरीच्या आकड्यात त्याचा पत्ता लागत नाही.

याचा अर्थ शांत शेअर सेफ असा नाही हं. १९९० च्या दशकाच्या शेवटी टेक शेअर्स पळत होते तेव्हा शांत शेअर्सवाले मागे राहिले, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (रिटर्न सरासरीपासून किती वरखाली होतो त्याचं माप) काय किंवा बीटा काय, दोन्ही मागच्या भावांवरूनच काढतात, पुढचा खड्डा त्यात दिसत नाही. म्हणून मला ड्रॉडाउन, म्हणजे शिखरापासून तळापर्यंतची घसरण, हा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो. नॅसडॅक कंपोझिट हा टेक शेअर्सचा भरणा असलेला अमेरिकन इंडेक्स मार्च २००० पासून ऑक्टोबर २००२ पर्यंत सुमारे ७८ टक्के पडला आणि जुनं शिखर पार करायला २०१५ उजाडलं. ज्याला मध्येच मुलांच्या शिक्षणाला पैसे लागले त्याने काय करायचं?

माझी विनंती एवढीच की शेअर किंवा फंडाचा रिटर्न छापताना शेजारी सगळ्यात मोठा ड्रॉडाउन छापा, आणि बीटा दिलात तर तो किती वर्षांच्या डेटावरून आणि कुठल्या इंडेक्सशी काढलाय तेही द्या, कारण काळ बदलला की त्याच शेअरचा बीटा बदलतो. जागा पुरत नसेल तर एका वर्षाच्या रिटर्नचा रकाना काढून टाकला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक