साखळीतला हात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा निवृत्तांचा कंपू रोज सकाळी फेऱ्या कमी आणि चर्चा जास्त करतो. परवा विषय निघाला तो आपण समलिंगी असल्याचं जाहीर करणाऱ्या परदेशी फुटबॉलपटूंचा. ‘ही तिकडची थेरं, आपल्या मातीतल्या खेळात असलं काही नसतं,’ असं एकाने ठणकावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटत राहिली, म्हणून हे पत्र.

मी कबड्डी खेळलो, मग मंडळाच्या पोरांना शिकवलं, पुढे वीस वर्षं पंच होतो. १९९७ साली आमच्या संघात एकोणीस वर्षांचा एक लेफ्ट कॉर्नर, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभा राहणारा खेळाडू होता. चढाईवाल्याने बोनससाठी पाय टाकला रे टाकला की याने घोटा धरलाच म्हणून समजा. एकदा त्याच्याबद्दल कुणीतरी काहीतरी पाहिलं, किंवा पाहिल्याचं सांगितलं. चार दिवसांत मंडळभर झालं. त्याच आठवड्यात सिन्नरकडे ट्यूबलाइटच्या उजेडात सामना होता. साखळीत कॉर्नर आणि त्याच्या शेजारचा हात धरून उभे राहतात, हे कबड्डी पाहिलेल्यांना सांगायला नको. त्या रात्री शेजारच्याने त्याचा हात धरला नाही, बनियनचं टोक चिमटीत पकडलं. चढाईवाला मधून निसटला. पुन्हा निसटला. अख्खा संघ बाद होऊन आमच्यावर लोण चढला आणि बाकावरची पोरं फिदीफिदी हसत होती.

एरवी हा खेळ म्हणजे काय? एकाच्या अंगावर सहा जणांनी पडायचं, मांडीला मिठी मारायची, जिंकल्यावर एकमेकांना खांद्यावर घेऊन नाचायचं. त्यात कधी कुणाला काही वाटलं नव्हतं.

पुढच्या स्पर्धेला मी त्याला सातातून काढलं. संघ फुटायला नको, असं स्वतःला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ‘सर, पकड माझ्याकडून सुटली नव्हती.’ खरंच सुटली नव्हती. त्यानंतर तो सरावाला आला नाही. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम लागू होतं, तो बोलणार तरी कुठे? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या सप्टेंबरात प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळं केलं, तोवर त्याची चाळिशी आली होती.

‘संघ फुटतो’ हे माझं कारण किती पोकळ होतं, ते मला फार उशिरा कळलं. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस याने २०१०-११ च्या अ‍ॅशेस दौऱ्याआधी आपण समलिंगी असल्याचं सहकाऱ्यांना सांगितलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीरही केलं. दौऱ्यात तो राखीव होता, पण संघात होता. तो संघ फुटला नाही. ऑस्ट्रेलियात जाऊन ३-१ ने मालिका जिंकून आला. पण तिकडेही सगळं आलबेल नाही. १९९० मध्ये इंग्लिश फुटबॉलपटू जस्टिन फॅशानू असंच बोलला, त्याचे पुरेपूर हाल झाले आणि १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्यानंतर खेळत असतानाच असं सांगणारा ब्रिटनमधला पुढचा व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटू म्हणजे ब्लॅकपूलचा सतरा वर्षांचा जेक डॅनियल्स, २०२२ मध्ये. मध्ये बत्तीस वर्षं गेली.

आपल्याकडे २०१९ मध्ये धावपटू द्युती चंद बोलली. मोठं धाडस, आणि घरच्यांचा विरोधही तिने सोसला. पण धावपटूला निदान स्वतःची लेन असते. कॉर्नरला शेजारच्याचा हात लागतो.

आणि गंमत पाहा, मुंबई इंडियन्सच्या महिला संघातली नॅट सिव्हर-ब्रंट आमच्या घरात सगळ्यांची आवडती. त्या आडनावातलं ‘ब्रंट’ तिच्या पत्नीचं, इंग्लंडच्याच कॅथरिन ब्रंटचं. हे मी सांगितलं तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, ‘बरं, मग? तिला बॅटिंग करू द्या ना.’ जॉगिंग ट्रॅकवर यांनाच न्यायला हवं होतं.

माझी मागणी लहान आहे. आई-बहिणीवरून शिवी दिली की मी हिरवं कार्ड, म्हणजे ताकीद, दाखवायचो. ‘बायल्या’, ‘बांगड्या भर’, ‘छक्का’ यांवर वीस वर्षांत एकदाही दाखवलं नाही, उलट काही वेळा हसलो. ते शब्द ऐकत वाढलेला मुलगा स्वतःबद्दल काय सांगणार? आपल्या जिल्ह्यातल्या पंचांनी येत्या हंगामापासून यांवरही हिरवं कार्ड काढावं, आणि पुन्हा तेच झालं तर पिवळं. दोन मिनिटं बाहेर बसला की खेळाडूला नियम बरोबर समजतो. प्रशिक्षकांनाही तीच ताकीद असावी, माझ्यासारख्यांना तर आधी.

पत्र छापण्याआधी त्याला फोन करून विचारलं. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात असतो. ‘छापा, पण नाव नको,’ म्हणाला. माझंही नाव कृपया छापू नये. ते छापलं तर त्या वेळचे उरलेले सहा जण त्याला लगेच ओळखतील.

– एक निवृत्त कबड्डी पंच, पंचवटी, नाशिक