'अप' म्हणजे नुसतं 'वर' नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भाषेविषयी आपल्या अंकात येणारा मजकूर मी नेमाने वाचते, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे. विषय अगदी छोटा आहे. 'अप' हा इंग्रजी शब्द.

गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलाची वही तपासत होते. 'द पेपर्स बर्न्ड अप' या वाक्यापुढे त्याने 'कागद वर जळाले' असं लिहिलं होतं. मग 'वर' पुसून 'वरचे' केलं, तेही पुसलं. खोडरबर फिरवून फिरवून पान तिथे झिरझिरीत झालं होतं. "मॅडम, कागद कपाटावर होते का?" त्याने विचारलं. त्याच्या मार्गदर्शकात शब्दार्थांच्या यादीत 'अप : वर' एवढंच छापलेलं. छापलेल्यावर मुलाने विश्वास ठेवला, त्यात त्याची काय चूक?

मी वही मिटली आणि विचारलं, "'खा' आणि 'खाऊन टाक' यात फरक काय?" तो लगेच म्हणाला, "खाऊन टाक म्हणजे ताटात काही ठेवायचं नाही." "मग त्यात टाकायचं काय असतं?" तो थबकला. टाकायचं तर काहीच नसतं. 'ईट' म्हणजे खा आणि 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, एवढंच मी सांगितलं. त्याने वही पुन्हा उघडली आणि न विचारता लिहिलं : 'कागद जळून गेले.'

मला नेमकं हेच म्हणायचं आहे. क्रिया पुरी झाली, मागे काही उरलं नाही, हे सांगायला इंग्रजी 'अप' वापरते आणि मराठी टाकणे, घेणे, जाणे, देणे यांसारखी क्रियापदं जोडीला घेते. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक. 'टेअर' म्हणजे फाडणं, कागद एका कडेला फाटला तरी चालतो, पण 'टेअर अप' म्हणजे फाडून टाकणं, चिंध्याच. 'गिव्ह अप' तर पाहाच : सोडून देणे. तिकडे 'गिव्ह', इकडे 'देणे', आणि दोन्हीकडे हातातून प्रत्यक्ष कुणाला काही दिलेलं नसतं! 'टाकणे'तलं फेकणं जसं 'खाऊन टाक'मध्ये विरून जातं, तसाच 'अप'मधला 'वर' विरून जातो. ही जाण मराठी मुलाकडे शाळेत जाण्याआधीपासून असते. तिला हात न घालता आपण त्याला शंभर जोड्या पाठ करायला लावतो, याचं मला फार वाईट वाटतं.

क्रियापद आणि 'अप'सारखा छोटा शब्द यांच्या या जोड्या परक्यांना छळतात हे इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे. या जोड्यांचं 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बऱ्याच नंतरचं. ते लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ मध्ये वापरलं, आणि सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

'बर्न अप' आणि 'बर्न डाउन' यांवरून इंग्रजीची थट्टा होते : घर 'अप' जळतं तेव्हाच 'डाउन'ही जळतं म्हणे. पण जरा डोळ्यांसमोर आणून पाहा. उभं घर जळून खाली कोसळतं, म्हणून 'डाउन'. कागदाला कोसळायला उंचीच नसते, तो जळून नाहीसा होतो, म्हणून 'अप'. हे विसंगत नाही, फार बारकाईने पाहिलेलं आहे. सगळंच असं उलगडत नाही हेही खरं. 'स्लो अप' आणि 'स्लो डाउन' दोन्हींचा अर्थ वेग कमी करणे, तिथे माझंही काही चालत नाही. आणि 'मेक अप' म्हणजे रंगरंगोटी, बनवून सांगणं, भांडण मिटवणं की राहिलेलं भरून काढणं, हे पुढचंमागचं वाक्य वाचूनच ठरवावं लागतं.

या शब्दावरचा माझा आवडता विनोद व्याकरणाचाच आहे. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, असा हट्ट धरणाऱ्यांना कुणीतरी उत्तर दिलं : 'धिस इज द सॉर्ट ऑफ इंग्लिश अप विथ विच आय विल नॉट पुट.' 'असलं इंग्रजी मी खपवून घेणार नाही' हे सांगताना 'पुट अप विथ'ची मोडतोड करून नियमाचंच हसं केलं आहे. हे वाक्य चर्चिल यांच्या नावावर खपतं, पण ते त्यांचं असल्याचा पुरावा नाही. रोजच्या वापरातली कोटी हवी तर व्हॉट्सॲप आहेच. 'व्हॉट्स अप?' म्हणजे 'काय चाललंय?' आणि 'ॲप', दोन्ही एका नावात.

शेवटी नात्याची गोष्ट. 'अप' आणि संस्कृत 'उप' एकाच प्राचीन मुळाचे. त्याच कुळातल्या 'उपरि'पासून आपला 'वर' आला, आणि इंग्रजी 'ओव्हर' त्या 'उपरि'चा भाऊबंद. म्हणजे 'अप'चा अर्थ 'वर' असं छापणाऱ्याने नकळत घरातल्याच माणसांची ओळख करून दिली. चूक एवढीच की तो तिथेच थांबला.

शालेय कोश आणि मार्गदर्शकं तयार करणाऱ्यांना आपल्या पत्राद्वारे एकच विनंती. 'अप'च्या नोंदीत 'वर'च्या खाली आणखी एक ओळ छापावी : 'क्रियापदाबरोबर आल्यास अनेकदा -ऊन टाकणे, -ऊन घेणे, -ऊन जाणे, -ऊन देणे.'

कळावे,
आपली,
एक इंग्रजी शिक्षिका